डावा कोपरा

कबड्डीत साखळी करून उभं राहिलं की शेजाऱ्याचा हात आपल्या हातात येतो. तो कोणाचा असावा, हे आपल्याला कोणी विचारत नाही. माझ्या डाव्या हातात नाना शिगवणांचा उजवा हात आला आणि बरीच वर्षं तो तिथंच राहिला. बायकोचा हातसुद्धा मी इतका वेळ धरला नसेल, आणि हे तिने मला एकदा चारचौघांत ऐकवलेलं आहे.

मी पुण्याचा. बहरीनला आलो तो एका बँकेत हिशेब तपासायला. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी सोफा, त्यामुळे पोट सुटायला लागलं होतं. ऑफिसची गाडी चालवणारा विलास मोहिते साताऱ्याकडचा. एकदा गाडीत बसताना त्याने माझ्याकडे आरशातून पाहिलं आणि म्हणाला, शुक्रवारी सकाळी जिदहफ्सला या, आमच्या संघात एक गडी कमी पडतोय. कॉलेजात थोडंफार खेळलो होतो, त्यामुळे गेलो. गावामागच्या मोकळ्या जागेवर चुन्याने आखलेलं मैदान होतं, बाजूला खजुराची चार झाडं. मैदानात एकच माणूस होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अनवाणी, मान खाली घालून वाळूतून सावकाश चालत होता. काही हरवलंय का, म्हणून मी विचारलं.

"नाय," तो वर न बघता म्हणाला. "कुणाचं तरी ढोपर हरवंल, म्हणून बगतोय."

मग वाकून त्याने एक खडा उचलला आणि खिशात टाकला. हे नाना. प्रत्येक शुक्रवारी सगळ्यांच्या आधी येऊन ते आख्खं मैदान पायाने चाचपायचे. खडे तिथंच बाहेर फेकले तर पुन्हा आत येतात म्हणून ते खिशात भरून घरी न्यायचे. त्यांच्या पँटचे खिसे कायम फाटलेले असत आणि ते स्वतःच ते शिवत असत.

दिसायला नाना काही खेळाडू वाटायचे नाहीत. बुटके, रुंद, केस पिकलेले, चालताना दोन्ही हात अंगापासून थोडे लांब ठेवायची सवय. मूळ गाव संगमेश्वराच्या बाजूचं. मआमीरला एका यार्डात ते रिगर होते. म्हणजे क्रेनला वजन बांधायचं, आणि क्रेन चालवणाऱ्याला खालून हाताने इशारे द्यायचे. वर काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला खालचं काही ऐकू येत नाही, पुष्कळदा दिसतही नाही. त्याला दिसतो तो फक्त खालच्या माणसाचा हात. उभं आयुष्य हे काम केल्यामुळे असेल, नाना तोंडाने फार कमी बोलत.

मैदानातही तेच. नाना डावा कोपरा. त्यांचा उजवा हात माझ्या हातात आणि डावा मोकळा. समोरचा गडी चढाईला आला की तो डावा हात खांद्याच्या वर जायचा. पंजा उघडा असला की थांबा. मूठ मिटली की धरा. उजव्या कोपऱ्यापर्यंत सगळे डोळ्यांच्या कडेने तो हात बघत असायचे. मला तर बघायचीही गरज नसे. हात हलकेच दाबला गेला की थांबायचं, करकचून दाबला की झेप घ्यायची. आपण हे केव्हा ठरवलं, केव्हा केलं, ते आपलं आपल्यालाच कळत नसे. पकड झाल्यावर बघावं तर आपण समोरच्याच्या कमरेला लटकलेलो असायचो आणि त्याचा पाय नानांच्या दोन्ही हातांत.

सवय अंगात इतकी मुरली की मैदानाबाहेरही सुटेना. एकदा आम्ही दोघं रस्ता ओलांडत होतो. नानांनी माझा हात धरला आणि हलकेच दाबला, तसा मी जागच्या जागी उभा राहिलो. भरधाव गाडी समोरून गेली. माझी मुलगी मागेच होती. ती इथल्या शाळेत शिकते, मराठी कळतं पण उत्तरं इंग्रजीत. घरी आल्यावर तिने विचारलं, "बाबा, व्हाय डू यू लिसन टू हिम अँड नॉट टू आई?" आईने भाजी चिरता चिरता मान वर केली, तेव्हा मी आंघोळीला निघून गेलो.

नाना माणसाकडे बघायचे ते पायांपासून वर. आधी पाय, मग गुडघे, मग वाटलंच तर तोंड. बाब अल बहरीनच्या बाजारात एकदा त्यांच्या मुलीसाठी कानातलं घ्यायला आम्ही गेलो होतो. मुलगी चिपळूणला दिलेली, तिचं बाळंतपण जवळ आलं होतं. दुकानदार एकेक जोड पुढे ठेवत होता आणि नानांचं लक्ष दुकानाबाहेर गर्दीत. मला म्हणाले, तो निळ्या शर्टाचा गडी बघा, मआमीरच्या संघातला आहे. मला पाठ तेवढी दिसत होती. कशावरून, म्हटलं. तर म्हणाले, वळताना वजन टाचेवर टाकतो, हा कधीतरी तिथंच सापडणार. कानातलं शेवटी मीच पसंत केलं. ते मुलीला फारसं आवडलं नाही असं पुढे कळलं, आणि नानांनी ते माझ्या नावावर खपवलं.

त्यांच्या कामाची एक गोष्ट ते फार क्वचित सांगायचे. सांगायचे तेव्हा आवाज उतरायचा. तरुणपणी, दुसऱ्या एका मुलुखात, एका यार्डात ते वजन उतरवत होते. नानांचा हात 'थांब' सांगत होता. तेवढ्यात पलीकडून घाईत असलेल्या कोणीतरी 'उतरव' असा हात केला. वरच्या माणसाला दोन्ही हात दिसले आणि त्याने वजन खाली सोडलं. खाली उभ्या असलेल्या पोराचा पाय गेला. चूक नानांची नव्हती, तसं कोणी म्हटलंही नाही. पण तेव्हापासून त्यांनी एक नियम धरला होता, आणि नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला ते तो पहिल्याच दिवशी सांगत.

"एका वजनाला एकच हात. दुसरा हात दिसला, की आपला खाली घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. मग तो दुसरा कुनाचा का असंना."

आमचा संघ पकडीत चांगला होता. चढाईत मात्र सगळा आनंदीआनंद होता. आमच्याकडे आत जाऊन गुण आणणारा एकही गडी नव्हता, त्यामुळे दर वर्षी इथल्या स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीपर्यंत जायचो, हात जोडायचो आणि परत यायचो. विजेत्यांची ढाल आमची पोरं राहायची त्या जिदहफ्सच्या खोलीत कधी आलीच नाही. त्यात नानांचा उजवा गुडघा बोलू लागला. पहिल्यांदा तो मलाच कळला, कारण झेप घेण्याआधी त्यांचा हात माझ्या हाताला ओढ द्यायला लागला होता. पूर्वी ते हात धरायचे, आता आधार घ्यायचे.

आमच्या स्पर्धेचा एक नियम होता. हंगामाच्या आधी दोन संघांनी ठरवलं तर एक गडी देऊन एक गडी घेता येई. कोणी फारच दुबळं राहू नये, एवढाच हेतू. असे किरकोळ गडी इकडून तिकडे जात. त्या वर्षी मआमीरच्या संघाचा कप्तान बाळा विलासकडे आला आणि त्याने सरळ नाना मागितले. बदल्यात साहिल द्यायला तयार झाला. साहिल म्हणजे त्यांचा खेडचा तरुण चढाईपटू, अंगाने वेताच्या काठीसारखा आणि धरावा तिथून निसटणारा. बाळाचं म्हणणं असं होतं की त्यांच्याकडे ताकदीचे गडी आहेत, पण त्यांना साखळी कशाशी खातात ते माहीत नाही. नाना खेळले नाहीत तरी चालतील, शिकवतील तर खरं. शिवाय नानांचं यार्डही तिथंच.

विलासला त्या रात्री जेवण गेलं नाही, असं त्याच्या खोलीतली माणसं सांगत होती. नाना त्याच खोलीत राहायचे.

संघाचा कुठलाही प्रश्न आला की शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, त्या खोलीत बैठक बसायची. बसायची पद्धत ठरलेली होती. मैदानात ज्या क्रमाने उभं राहायचं त्याच क्रमाने सतरंजीवर बसायचं, आणि बोलायचंही त्याच क्रमाने, डाव्या कोपऱ्यापासून. म्हणजे नाना पहिले. खरं सांगायचं तर नाना बोलले की प्रश्न मिटायचा, पुढचे सहा जण माना हलवायचे.

त्या दिवशी नानांनी साफी माशाचं कालवण केलं होतं. सगळे नेहमीपेक्षा कमी जेवले. सतरंजीवर बसल्यावर विलासने मआमीरचा निरोप सांगितला. सांगताना तो सतरंजीकडे बघत होता. मग सगळे नानांकडे वळले.

"आज उजव्या कोपऱ्याकडनं सुरू करा," नाना म्हणाले. "मी शेवटी बोलतो."

हे कधी झालं नव्हतं. उजव्या कोपऱ्याचा पोरगा सतरंजीवर पुढे सरकला. तो म्हणाला, साहिल आला तर ढाल आपलीच. त्याच्या शेजारचा उसळला, की ढाल काय चाटायचीय का, नानांनीच हा संघ उभा केलाय, आपल्यातल्या निम्म्यांना इथं नोकरी लागायच्या आधी त्यांनीच खोलीत ठेवून घेतलंय. तिसरा म्हणाला, भावना वेगळ्या, खेळ वेगळा, दर वर्षी रडून घरी यायचं किती दिवस? चौथ्याने विचारलं, की नाना गेले तर साखळी बांधणार कोण, साहिलला पकडीतलं काय कळतं? आवाज चढले. नाना असे ऐकत होते जणू तिसऱ्याच कोणाबद्दल चाललंय. विलास कप्तान. तो दोन्ही बाजूंनी बोलला आणि शेवटी म्हणाला, "मला इचारू नका. मी नानांस्नी जा म्हननार न्हाई, आन् साहिल नको असंबी मला म्हनवत न्हाई."

मग माझी पाळी. माझ्या मनात काडीचाही संशय नव्हता. ढाल खड्ड्यात जाऊ दे, असंच मला म्हणायचं होतं. कुटुंबाबाहेर ज्या माणसावर माझा पूर्ण भरवसा होता असा या बेटावर तो एकच. मी म्हटलं, "हे बघा, नानांना द्यायचा प्रश्नच—"

माझा डावा हात हलकेच दाबला गेला.

नाना शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नव्हतं. थांब, एवढंच त्या हाताने सांगितलं, आणि मी थांबलो. वाक्य अर्धं राहिलं. इतकी वर्षं ज्या हाताचं ऐकलं, त्याचं त्या दुपारीही ऐकलं.

नानांनी पँट वर ओढली आणि उजवा गुडघा सगळ्यांना दाखवला. सुजून गोल झाला होता. मागच्या हंगामात मी धरलेले गडी सुटले, ते तुम्ही बघितलं, पण कोणी बोलला नाही, असं ते म्हणाले. मग म्हणाले, "नुसतं नाव म्हनून मला उभं करू नका. तिकडं पोरांना चार गोष्टी शिकवीन, अजून एक वर्ष मैदानात तरी ऱ्हाईन. हितं बसलो तर तुमी मला खुर्ची द्याल. मला खुर्ची नको. द्या मला."

प्रश्न मिटला. नाना पहिले बोलोत की शेवटी, सगळ्यांनी माना हलवल्या. ते उठून भांडी घासायला गेले आणि विलासने जाऊन त्यांच्या हातातून पातेलं काढून घेतलं, ते त्यांनी परत हिसकावलं. आपल्याला कोणीतरी अडवावं असं त्यांना वाटत होतं का? मला वाटतं, होतं. म्हणून तर माझं वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं नाही. ते पुरं झालं असतं तर त्यांचं त्यांना बोलता आलं नसतं.

एक गोष्ट मात्र मला पुढे कळली. त्या वर्षी त्यांचा व्हिसा संपत होता. घरची मंडळी कधीपासून 'आता पुरे, या' म्हणत होती. नानांनी यार्डात सांगून अजून एक वर्ष वाढवून घेतलं होतं ते केवळ या हंगामासाठी. एकदा तरी मैदानातून, उभ्याने, निरोप घ्यायचा होता त्यांना.

हंगाम सुरू झाला. नाना राहायचे आमच्यात आणि शुक्रवारी सकाळी बाळाच्या गाडीतून मआमीरला जायचे. जाण्याआधी आमच्या मैदानातले खडे वेचून जायचे. माझी जागा एकाने सरकली. आता डावा कोपरा मी. माझ्या उजव्या हातात साहिलचा हात होता, डावा मोकळा. त्या मोकळ्या हाताचं काय करायचं ते मला हंगामभर कळलं नाही. साहिल मात्र खरोखरच गुणाचा निघाला. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो आणि समोर उभा राहिला तो मआमीरचा संघ. नानांनी त्या दांडग्या पोरांना हात धरून उभं राहायला शिकवलं होतं.

त्यांच्या निळ्या बनियनमध्ये नाना मला ओळखू येईनात. चुन्याच्या रेषेपलीकडे ते डाव्या कोपऱ्यात, गुडघ्याला पट्टा बांधून उभे होते. पूर्वार्धात त्यांनी साहिलला धरला. झेप घेतली ती गुडघ्यावर नव्हे, पोटावर, आणि त्याच्या पायाचा चवडा दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. आमच्याच काही पोरांनी टाळ्या वाजवल्या. नाना उठून उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की या एका गोष्टीसाठी वाढवलेलं वर्ष सार्थकी लागलं, असं मला वाटलं.

शेवटची मिनिटं उरली तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. त्यांच्याकडून चढाईला आला तो बाजारात पाठमोरा दिसलेला गडी. तो आमच्या अंगणात, रेषेच्या अलीकडे, तोंड आमच्याकडे. त्याच्या पाठीमागे, रेषेपलीकडे, बरोबर आमच्यासमोर नाना. तो डावीकडे गेला, उजवीकडे आला, हात फिरवून वळला, आणि वळताना त्याचं वजन टाचेवर गेलं. हे आम्हाला समोरून दिसणं शक्य नव्हतं. मागून दिसत होतं.

नानांचा डावा हात खांद्याच्या वर गेला आणि मूठ मिटली.

आम्ही सातही जण एका क्षणी सुटलो. कोणी विचार केला नाही, विचार करायला वेळच नव्हता. माझ्या रिकाम्या डाव्या हातात कोणीतरी करकचून दाबल्यासारखं झालं, आणि डोकं ताळ्यावर आलं तेव्हा मी त्या गड्याच्या कमरेला होतो. शिट्टी वाजली. थोड्या वेळाने सामना संपल्याची शिट्टी वाजली. ढाल आमची झाली होती.

आमच्यातला एकही जण नाचला नाही. सगळे नानांकडे बघत होते आणि नाना आपल्या डाव्या हाताकडे. मूठ अजून मिटलेलीच होती. ती त्यांनी सावकाश उघडली.

मग आरडाओरडा झाला. बाळा धावत आला, नाना तुम्ही कुणाकडनं खेळता, म्हणून. मआमीरच्या पोरांपैकी एक म्हणाला, मुद्दाम केलं, राहतो त्यांच्यात आणि खातो त्यांच्यात. ज्यांना नानांनी हात धरायला शिकवलं त्यांनी हे म्हणावं याचा मला इतका राग आला की मी पुढे सरसावलो. विलास पंचाकडे गेला आणि ती चढाई पुन्हा घ्या म्हणाला. पंच म्हणाले, नियमात नाही. नाना ते ऐकून पुढे आले. आधी त्यांनी खाली बसलेल्या त्या गड्याला उठवलं, त्याच्या पाठीवरची वाळू झटकली, तुझं काही चुकलं नाही म्हणाले. मग बाळासमोर उभे राहिले.

"इशारा माजा होता. मुद्दाम केला का, इचारशील तर नाय. पन केला. दिलेला इशारा मागं घेता येत नाय."

"म्हणजे काय नाना, सवयीनं गेला हात. होतं असं," बाळा आता नरमला होता.

"सवयीनं गेला, म्हनूनच सांगतो," नाना म्हणाले. "दोन बाजूंना माजा हात दिसायला लागला. आता बाजूला व्हायचं. खलास."

गुडघ्याचा पट्टा सोडून त्यांनी तो बाळाच्या हातात दिला. परत येताना ते आमच्याच गाडीत बसले, पुढच्या सीटवर, नेहमीच्या जागी. ढाल मागे पोरांच्या पायांपाशी पडून होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा विलासने विचारलं, पुढच्या हंगामाला परत आपल्याकडं या की. दुसऱ्या दिवशी यार्डात जाऊन नानांनी सांगितलं की मला मोकळं करा.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे विमानतळावर गेलो. मआमीरचीही दोन पोरं आली होती, त्यातला एक तो टाचेवर वजन टाकणारा. तो नानांच्या पाया पडला आणि मागे जाऊन उभा राहिला. मी नानांचा हात धरला. इतक्या वर्षांत आम्ही हात धरून बोलत कधी नव्हतोच. मी म्हटलं, "नाना, त्या दिवशी माझं वाक्य अर्धं राहिलं."

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "म्हनून तर दाबला."

मग ते एका हातात पिशवी घेऊन आतल्या दाराकडे निघाले. गुडघा ओढत होते. तसे आम्हीही त्यांच्या मागून चालू लागलो, अगदी दारापर्यंत पोचवावं म्हणून. त्यांना ते मागे न बघता कळलं. त्यांचा डावा हात खांद्याच्या वर गेला, पंजा उघडा.

आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. मआमीरची पोरंही थांबली. दाराशी उभा असलेला शिपाई यल्ला, यल्ला म्हणत आम्हाला बाजूला व्हायला सांगत होता, पण कोणी हललं नाही. तो हात गर्दीच्या डोक्यांवर थोडा वेळ दिसत राहिला, मग नाना डावीकडे वळले.